जत्रेच्या नाटकातला वेडा ठेवावा की काढावा?

पेटीमास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोव्यात आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक होतं आणि यंदा दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलंय. मंडळाने निवडलेली संहिता जुनी आहे, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात एक वेडा आहे. फाटका कोट, डोक्यावर पत्र्याचा डबा, दर प्रवेशात कुणाच्या तरी अंगावर धावून जायचं, मागे दगड घेतलेली पोरं. तिसऱ्या अंकात तो सीआयडी निघतो हे वेगळं सांगायला नको. या भूमिकेवर उड्या पडतात, कारण टाळ्या तिथेच असतात.

अडचण अशी की वाड्यावरच्या एका घरात असा आजार आहे, उपचार चालू आहेत. ते कुटुंब नाटकाला येतं, वर्गणीची पावतीही फाडतं. परवा तालमीत आमचा नट त्याच घरच्या माणसाची चाल उचलायला लागला, बाकीचे खो खो हसायला लागले, तेव्हा मी पेटी बंद केली. मंडळाचं म्हणणं, "नाटक तें नाटक, इतलें कित्याक मनार घेता?" वेडा काढला तर तिसरा अंक कोसळतो. सिनेमा, मालिका, पेपर यांत जे दाखवतात त्याचा खरंच काही परिणाम होतो की मीच बाऊ करतोय?

तिसऱ्यांचं_सुकं

वेडा काढा, सीआयडी ठेवा. तसंही आमच्या उकाड्यात कोट घालून फिरतो तो एक तर नवरदेव नाहीतर सीआयडी. (हलके घ्या.)

खाणवाला

मास्तर, बाऊच करताय. उत्सवी नाटकात आपण कुणाला सोडतो? भटजी, सावकार, न्हावी, शाळामास्तर, तोतरा नोकर, सगळ्यांची टर उडवतो. उद्या सगळ्यांनी तक्रार केली तर रंगमंचावर फक्त पडदा उरेल, आणि पडदा ओढणारा म्हणेल माझीही चेष्टा नको. लोक वर्षातून एकदा हसायला येतात. नाटक बघून कुणी कुणाला दगड मारायला जात नाही.

मधली_आळी

@खाणवाला, नाटकातल्या सावकारामुळे खऱ्या सावकाराच्या मुलीचं लग्न मोडत नाही. मनोरुग्णाच्या बहिणीचं मोडतं. हसणं तेच, त्याची किंमत मात्र एकालाच चुकवावी लागते.

बाकी त्या सीआयडीचं नीट बघा. आपल्या नाटकांत वेड्याला शेवटी मान मिळतो तो कधी? तो वेडा नव्हताच हे कळल्यावर!

काणकोणी

+१. शेवटचं वाक्य मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

सुरंगी

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहिते.

बाऊ अजिबात नाही. माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवतो, औषधं चालू आहेत. लोकांच्या डोक्यात सिनेमातला जो वेडा असतो त्याच्या नेमकं उलट आमच्या घरात आहे. भाऊ कुणाच्या अंगावर धावून जात नाही, तो बसून राहतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज पुढ्यात ठेवली तर ती गार होऊन वर साय धरेपर्यंत ताटलीतल्या खाराकडे बघत राहतो. आंघोळीसाठी मागे लागावं लागतं. बोलणं आटलंय. डॉक्टर सांगतात की कानात आवाज येणं, संशय घेणं हे औषधांनी बरंच आटोक्यात येतं, पण हा निरुत्साहही आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषधांचा जोर कमी चालतो. नातेवाईक मात्र म्हणतात, "वेडबीड काही नाही, आळशी झालाय." ओरडत नाही, डोळे गरगर फिरवत नाही, मग आजारी कसला!

औषधांमुळे त्याचे हात थरथरतात. बसमध्ये पैसे देताना नाणी खाली पडायची, म्हणून तो नेमके पैसे आधीच मुठीत धरून चढायचा आणि "फुडें वच, फुडें वच" करत कंडक्टर आला की मूठ त्याच्या तळहातावर उपडी करायचा. एकदा मागच्या सीटवरच्या दोन पोरांनी त्या हाताची नक्कल केली, वर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातला आवाजही काढला. आता तो बसने जात नाही. फोंड्याला जायचं तर मी स्कूटरवर नेते.

खाणवाला म्हणतात कुणी दगड मारत नाही. खरं आहे, दगड नाही मारत.

तिसऱ्यांचं_सुकं

सुरंगीताई, __/\__

रात्रपाळी

मी पेपरात उपसंपादक आहे, कुठल्या ते विचारू नका. आमच्याकडे हे कसं होतं ते सांगतो. रात्री साडेदहाला तालुक्याच्या बातमीदाराची मारामारीची बातमी येते. शेवटची ओळ: 'संशयित मनोरुग्ण असल्याचे समजते.' कुणाकडून समजते? चौकीवरच्या हवालदाराकडून, नाहीतर शेजाऱ्याकडून. डॉक्टरांनी त्या माणसाला अजून पाहिलेलंही नसतं. पण पान सोडायची घाई असते आणि 'माथेफिरूचा धुमाकूळ' दोन कॉलमांत चपखल बसतं. पुढे तो दारू पिऊन आला होता किंवा जमिनीचं जुनं भांडण होतं असं निघालं तर ती बातमी आतल्या पानावर एका कॉलमात, जाहिरात कमी पडली तर. 'मधुमेही तरुणाची पोलिसाला मारहाण' असा मथळा मी आजवर लावलेला नाही.

नियम नाहीत असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आत्महत्येची बातमी कशी द्यावी यासाठी प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: पहिल्या पानावर ठळक नको, पद्धतीचं वर्णन नको, भडक मथळा नको. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, जून २०२० मध्ये, एका तरुण हिंदी अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या उपचारांची जाहीर चिरफाड झाली. घरी मुकाट्याने गोळी घेणाऱ्यांनी त्यातून काय घेतलं असेल? आपली गोष्ट कुणाला कळता कामा नये, एवढंच.

खाणवाला

@रात्रपाळी, पेपरचं पटलं. पण मग खलनायकाला आजार असूच नये काय? मनोरुग्ण म्हणजे सगळे संत असतात का? हेही दुसरं टोकच.

रात्रपाळी

असू दे की आजार. पण मग आजार असलेला पोस्टमनही दाखवा, शिक्षिकाही दाखवा. हे आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात, उलट मार खाणाऱ्यांत त्यांची संख्या जास्त असते. पडद्यावर मात्र खुनी सापडला की त्याच्या खोलीत औषधाची बाटली सापडते.

वॉर्ड_सिस्टर

मानसोपचार विभागात बरीच वर्षं काढली आहेत. सिनेमाने सगळ्यात मोठा घोळ कुठे घातला विचाराल तर शॉक ट्रीटमेंटमध्ये. पडद्यावर चौघे जण धरतात, तोंडात बोळा, किंचाळणं, दिवे लुकलुकतात. म्हणजे शिक्षाच! प्रत्यक्षात पेशंटला रात्रीपासून उपाशी ठेवतो, सकाळी शिरेत सुई लावतो, भूल देतो, स्नायू सैल करणारं औषध देतो. काही मिनिटांचं काम. जाग आली की थोडं गोंधळल्यासारखं होतं, डोकं दुखतं, काही जणांना काही दिवस जवळच्या गोष्टी आठवत नाहीत. मग चहा-पाव. भुलीशिवाय शॉक देण्यावर २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, माणसाला साखळीने बांधण्यावरही.

एक आजी आठवतात. तीव्र नैराश्य, अन्नपाणी सोडलेलं, अशा वेळी हा उपचार फार उपयोगी पडतो. मुलगा शिकलेला, चांगल्या हुद्द्यावर. कागदावर सही करायला तयार नाही. म्हणतो, "सिस्टर, मी पिक्चरमध्ये बघितलंय." मोठ्या डॉक्टरांनी त्याला खोलीत नेऊन यंत्र दाखवलं, ते एवढंसं, तेव्हा म्हणाला, "हेंच?" आजी नंतर घरी गेल्या त्या चालत.

बोरीपूल

सिनेमा सगळाच वाईट नाही हो. मराठीत 'देवराई' (२००४) आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. अतुल कुलकर्णीने स्किझोफ्रेनिया असलेला माणूस केलाय आणि बहिणीची ओढाताण सोनाली कुलकर्णीने. त्यात आजार चमत्काराने जात नाही आणि माणूसही जात नाही. त्याच जोडीचा 'कासव' नैराश्यावरचा, त्याला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. त्यात डॉ. मोहन आगाशे आहेत, ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ.

मोरजीचो_रापणकार

कासवांचं म्हणाल तर आमच्या मोरजीला या, ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. काणकोणात गालजीबागलाही. पण शॅकवाल्यांचे दिवे...

काणकोणी

रापणकारबाब, गालजीबागचं नाव घेतलंत, धन्य झालो. पण कासवांचा धागा वेगळा काढा.

पेडण्याची_पोर

'डिअर जिंदगी' विसरलात की काय? अख्खा थेरपिस्ट गोव्यात! शाहरुख समुद्राशी कबड्डी खेळतो. माझी मैत्रीण समुपदेशक आहे, तिला त्यानंतर कितीतरी जणांनी विचारलं, "बीचवर चालत चालत करता का सेशन?" ती म्हणते माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून गॅरेज दिसतं. पण एक फायदा झाला असं तीच सांगते, तरुण मुलं न लाजता विचारायला लागली. 'भूल भुलैया' बघून तिच्याकडे कुणी आलं नाही.

बोरीपूल

'भूल भुलैया'त निदान मनोविकारतज्ज्ञच नायक होता, ही केवढी प्रगती! (आणि त्याच्या उपचारांत मांत्रिकाची मदत, ही अधोगती.)

मधली_आळी

नावांचंही पाहा. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' नावाचा सिनेमा येणार होता, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने आक्षेप घेतला आणि तो 'जजमेंटल है क्या' म्हणून आला. डॉक्टर भांडले म्हणून नाव बदललं. आपल्या जत्रेच्या नाटकासाठी कोण भांडणार?

आल्तिनोकार

आता थोडं विषयांतर, पण फार नाही. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. पर्यटक त्यासमोर सेल्फी काढतात आणि विचारतात, "हा बाईचा गळा का दाबतोय?" तो गळा दाबत नाही, संमोहन करतोय. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला आपला हा पाद्री पॅरिसला गेला आणि त्याने सांगितलं की संमोहनात गुरूच्या अंगातून कसलाही चुंबकीय द्रव वाहत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे. त्या काळाच्या मानाने फार पुढचं बोलणं.

मग काय झालं? १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारं प्रहसन आलं. लोक खदखदा हसले. ज्याच्या प्रयोगांना गर्दी व्हायची तो चेष्टेचा विषय झाला. १८१९ मध्ये तिथेच मेला. पुढे अलेक्झांडर ड्यूमाने आपल्या कादंबरीत त्याचं नाव एका कैदी पाद्र्याला दिलं, ज्याला तुरुंगवाले वेडा समजतात. आज जगात त्याचं नाव त्या कैद्यामुळेच जास्त ठाऊक!

आणि आपल्याकडचं मनोरुग्णालय पूर्वी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर होतं, त्याला नाव याच आबे फारियाचं. नंतर ते बांबोळीला गेलं. मास्तर, 'नाटक तें नाटक' म्हणणाऱ्या तुमच्या मंडळाला हे वाचून दाखवा.

तिसऱ्यांचं_सुकं

म्हणजे गोयंकाराचं करिअर नाटकवाल्यांनी बुडवलं. परंपरा जुनी आहे तर.

खाणवाला

आल्तिनोकारबाब, हे माहीत नव्हतं. पण तो विद्वान होता, आमचा डबेवाला वेडा कुणाचं करिअर बुडवतोय?

घुमट

कुणीतरी विषय काढेल म्हणून थांबलो होतो. ज्या जत्रेत रंगमंचावर वेड्याला हसतात, त्याच रात्री पलीकडे देवळासमोर एखाद्या बाईच्या अंगात भार येतो आणि तेच लोक हात जोडून उभे राहतात. केस सोडलेले, आवाज बदललेला. आमच्या आत्याचं हेच झालं. आधी कौल लावला, मग घाडी (मांत्रिक), मग लांबचा दुसरा घाडी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून डॉक्टर. तोवर फार उशीर झाला होता. पडद्यावरची गोष्टही हीच असते: एक तर भूत, नाहीतर थट्टा. साधा ताप आल्यासारखं डॉक्टरकडे जाणं कुठल्याच मालिकेत नाही, कारण त्यात पार्श्वसंगीत वाजवायला जागा नाही.

बाबलो

देवाधर्माला मध्ये आणायचं कारण? कौल घेतल्याने मनाला बळ मिळतं. प्रत्येक धाग्यावर हेच चाललंय.

घुमट

बळ मिळतं, नाही म्हणत नाही. कौलही घ्या, गोळीही घ्या. गोळी बंद कर असं देव सांगत नाही, मधला माणूस सांगतो.

संपादक मंडळ

देव-धर्माची चर्चा इथे थांबवावी. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पेटीमास्तर, त्या कुटुंबाबद्दल आहे त्याहून जास्त तपशील कृपया देऊ नयेत, गाव लहान असतो. कुणाला स्वतःसाठी किंवा घरच्यासाठी मदत हवी असल्यास केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

पेडण्याची_पोर

एक राहून गेलं. या विषयात गोव्याने जगाला दाखवण्यासारखं काम केलंय. 'संगत' ही संस्था १९९६ पासून इथे काम करते. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी एक मोठा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली, सरकारी केंद्रांत त्याचा चांगला फायदा दिसला आणि २०१० मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे गावातलीच कुणीतरी ताई बाकड्यावर बसून विचारते, झोप लागते का, जेवण जातं का. यावर एकही नाटक नाही. नाट्यस्पर्धेला बसणाऱ्यांनी विचार करावा.

पेटीमास्तर

सगळ्यांचे आभार. काल मंडळाची बैठक झाली. फारियाची गोष्ट वाचून दाखवली, अध्यक्ष म्हणाले, "पॅरिस पयस (लांब)." पण तोडगा निघालाय. सीआयडी आता वेडा नाही, खाजेवाला (जत्रेतलं गोड खाजें विकणारा) होऊन फिरेल. जत्रेत खाजेवाल्यावर कोण संशय घेणार? तिसरा अंक शाबूत. वेडा पूर्ण काढून टाकला.

सुरंगी

मास्तर, दगड आणि डबा काढलात ते चांगलं केलंत. पण माणूस का काढलात? आधी तो हसण्यापुरता होता, आता अजिबातच नाही. सिनेमातही हेच, एक तर राक्षस नाहीतर गायब.

पेटीमास्तर

सुरंगीताई, हे डोक्यात होतं म्हणून विचारतो. नायकाच्या घरात एक आजारी काका ठेवला तर? सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, पण दस्तऐवज कुठे लपवलाय ते फक्त त्यालाच माहीत असतं आणि तिसऱ्या अंकात तो एकच वाक्य बोलतो...

खाणवाला

मास्तर, हेही फिल्मीच! वेडा म्हणजे आतून महाज्ञानी. मी विरोधी पक्षात आहे, तरी मला हे खटकलं.

सुरंगी

खाणवाला यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. काकाला काहीही उघड करायला लावू नका. दस्तऐवज खाजेवाल्याला सापडू दे. काका दुसऱ्या अंकात सगळ्यांबरोबर जेवायला बसू दे. वाढणारीने विचारावं, "भाऊजी, गोळी घेतली?" त्याने "हो" म्हणावं, आणि इतरांनी लग्नाच्या देण्याघेण्याचं बोलणं पुढे चालू ठेवावं. बस.

मधली_आळी

हे करून दाखवा मास्तर. आणि काकाचं काम त्या चाल उचलणाऱ्या नटालाच द्या. काही न करता बसायला सांगा, बघू जमतं का.

पेटीमास्तर

सांगितलं त्याला. म्हणाला, "मग टाळ्या कुठे?"

तिसऱ्यांचं_सुकं

टाळ्या खाजेवाल्याला. फक्त खाजें खरं आणा, आल्याचं. गेल्या वर्षी एका मंडळाने थर्माकोलचे लाडू ठेवले होते, पहिल्या रांगेतल्या पोराने स्टेजवर चढून चावून बघितला.

काणकोणी

नाटक किती वाजता सुरू होणार? छापलेली वेळ नको, खरी सांगा.

पेटीमास्तर

छापलेली दहा. पालखी देवळात गेल्यावर साडेअकरा धरा. गाडी शाळेच्या मैदानावर लावा, तळ्याकडे चिखल आहे.